पायाला ओलं लागतं

गाडीतून उतरण्याआधी आई पाय पुसते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा अर्धा पावसाळा सरला होता. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळापाशी गाडी लावली, छत्री उघडून तिच्या बाजूला गेले, दार उघडलं, तर ती खाली वाकून जुन्या सुती साडीच्या तुकड्याने आधी उजवा तळवा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या पुसत होती. "अगं, बाहेर धो धो पडतोय. पाय आत्ता भिजणारच आहेत," मी म्हटलं. "पावसाचं ओलं वेगळं," ती म्हणाली. "हे चिकटतं." मी बरं म्हटलं आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली. तिने तुकड्याची घडी करून सीटखाली सरकवली, इतक्या सवयीने की तो तुकडा तिथे बरेच दिवस मुक्कामाला असावा हे उघड होतं. त्या संध्याकाळचे दिवे, अबोलीचे वळेसर, ओल्या छत्र्यांचा वास, सगळं मला आठवतं. तिचं वाक्य मात्र मी दारातच सोडून आत गेले होते. ते नंतर परत आलं, आणि अजून जात नाही.

गाडी बाबांची. २००४ साली मास्तरकीतून निवृत्त झाले तेव्हा त्या पैशांतून घेतलेली. फोंडा आणि सत्तरी तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत त्यांचं आयुष्य गेलं. कधी बसने, कधी स्कूटरवर, कधी शेवटचा टप्पा पायी, छत्री आणि हजेरीपट सांभाळत. गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं, नारळ फोडला, आणि बाबांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी वही काढून पहिल्या पानावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०१९मध्ये, त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून पुन्हा पाच वर्षांचं पासिंग करून आणलं. २०२४मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी मी गेले, कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती. किल्ली त्यांनी मला रात्रीच्या जेवणाला दिली. आमटी वाढून झाल्यावर माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि भात कालवायला लागले. त्यावर कोणीच काही बोललं नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच होतात, ताटाशेजारी ठेवून.

मग मी रोज फोंड्याहून पणजीला गाडीने जायला लागले. मार्च, एप्रिल, मे, ऐन उन्हाळ्याचे तीन महिने गाडीने कधी तक्रार केली नाही, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण सगळं कोडं या तीन महिन्यांत होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाणस्तारीच्या पुलाआधी गाड्या खोळंबल्या होत्या, पाऊस नुकताच उघडला होता, खाजणावरून चिखलाचा उग्र वास येत होता, आणि टेंपरेचरचा काटा, जो वर्षानुवर्षं मध्याच्या किंचित खाली बसून असायचा, तो हळूहळू उठून लाल पट्टीकडे निघाला. मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी 'मिन' आणि 'मॅक्स' या दोन रेषांच्या बरोबर मधोमध होतं. म्हणजे पाणी आहे. मग तापली का?

गॅरेजमधल्या मुलाने गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. त्याने दीड लिटरच्या वर पाणी ओतलं. झाकणाचं रबर कडक झालंय म्हणाला, नवीन झाकण बसवलं. दहा दिवसांनी काटा पुन्हा उठला. या वेळी वरच्या होज पाइपच्या क्लिपा बदलल्या. आणखी नऊ दिवसांनी पुन्हा. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी पाझरतं. ते भोक त्याने टॉर्च मारून बघितलं, खडखडीत कोरडं. रेडिएटरच्या जाळीवर कुठे हिरवट-पांढरा डाग नाही, खाली थेंब नाही. मी दोन रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली आणि सकाळी टॉर्च घेऊन खाली वाकले. कागद हवेनेच मऊ पडले होते, थेंबाचा डाग एकही नव्हता. तिसऱ्या खेपेला गॅरेजच्या मालकाने हात पुसत सांगितलं, की बाहेर गळत नाही म्हणजे आत जळतंय, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. हे तो मला सांगत होता, पण बघत होता रस्त्याकडे, आणि शेवटी म्हणाला, "मास्तरांना पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो." गाडी मी चालवते, दर खेपेला किती पाणी गेलं ते मी सांगते, काटा कुठे उठतो, चढावर की सपाटीवर, ते मला माहीत, आणि बोलायचं बाबांशी. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा खालचा भाग आणि वरचं डोकं यांच्यामध्ये दाबलेली पातळ चकती. तिच्या एका बाजूला पेट्रोलचे स्फोट, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला ऑइल, आणि तिने या तिघांना वर्षानुवर्षं एकमेकांपासून दूर ठेवायचं. ती फाटली की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, किंवा ऑइलमध्ये मिसळून त्याची दुधाळ कॉफी होते. जुन्या गाडीला हा खर्च म्हणजे बहुतेकदा निरोपच. मी त्या आठवड्यात रोज सकाळी सायलेन्सरमागे उभी राहून धूर बघत होते. पांढरा दिसला की पोटात गोळा यायचा. पावसाळी सकाळी कुठल्याही गाडीचा पहिला धूर पांढराच असतो, साध्या दमटपणाचा, आणि तो दोन मिनिटांत विरतो, एवढं कळायला मला शेजाऱ्यांच्या दोन नव्या गाड्यांमागेही उभं राहावं लागलं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरा फेस दिसला तेव्हा तर मी तिथेच पायरीवर बसले. बाबा खिडकीत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी घालून बघ अजून थोडे दिवस." मला राग आला. वाटलं, मास्तर असून असं म्हणतात.

खांडेपारच्या बाजूला एक वयस्क मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना मेस्तच म्हणतात. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, मागे माडांची रांग, दारात दोन मांजरं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बाबांचं नाव काढलं नाही. आधी डिपस्टिक काढून बोटांत ऑइल चोळलं. स्वच्छ. झाकणाखालचा फेस बघून म्हणाले, हा पावसाचा, गाडी लांब पळवली की जातो. मग ओळखीच्या कुणाकडून एक काचेची नळी मागवली, तिच्यात निळं पाणी ओतलं, नळी रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसवली आणि इंजिन चालू केलं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल, तर हे निळं पिवळं पडतं. नळीत बुडबुडे उठत होते, आणि आम्ही दोघं त्या निळ्याकडे बघत उभे होतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रंग हलला नाही. इतका वेळ मी निळ्या रंगाकडे पूर्वी कधी बघितलं नसेन. "हेड बरें आसा," मेस्त म्हणाले. "उदक वता म्हणजे खंय तरी वता. ना जायना तें." पाणी जातं म्हणजे कुठेतरी जातंच, नाहीसं होत नाही. दाब देऊन बघायचा हातपंप त्यांच्याकडे होता, पण त्याची रबरी रिंग फाटली होती. ती आली की बोलावतो म्हणाले, तोवर पाण्यावर लक्ष ठेव. मी लक्ष ठेवलं. रोज सकाळी बॉनेट उघडून बाटलीतली रेषा बघत राहिले.

आता वळून बघताना वाटतं, गोव्याच्या पावसाळ्याइतकी चांगली लपायची जागा गळतीला मिळाली नसती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात पायाखाली ओलं लागलं तर त्याची चौकशी कोण करतो? जूनपासून घरात काहीच कोरडं नसतं. कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास, मिठाच्या बरणीत पाणी, दोरीवरचे कपडे तीन दिवसांनी काढले तरी गार. चपला, छत्र्या, भाजीची पिशवी, सगळ्यांसोबत ओल गाडीत चढते. आई गेल्या पावसाळ्यातही म्हणाली होती, "पायाला ओलं लागतं." बाबा म्हणाले होते, पावसाचं. यंदा तिने मला सांगितलं तेव्हा मी जास्त शास्त्रीय उत्तर दिलं: एसीची पाण्याची नळी तुंबली असेल. खरोखर तुंबते ती, आणि तुंबली की एसीचं पाणी बाहेर पडण्याऐवजी डाव्या सीटच्या पायांत उतरतं. मी नळी हवा मारून साफ करून घेतली आणि विषय माझ्यापुरता मिटवला. वास येतो असंही ती म्हणाली होती, गोडसर. पण जूनमध्ये सावंतवाडीहून, तिच्या माहेराहून, आम्ही एक पिकलेला रसाळ फणस आणला होता, तो पुढे तिच्या पायांशी ठेवला होता, आणि फणसाचा वास एकदा कापडात शिरला की महिनाभर हलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा वासही फणसाचा ठरला.

तिच्या प्रत्येक वाक्याला आमच्याकडे एक उत्तर तयार होतं.

ऑगस्टमध्ये बेळगावला मावशीच्या नातवाचं बारसं होतं. आईने महिनाभर खपून हाताने कुंची शिवली होती, पिवळ्या खणाची, लाल काठ लावलेली. बाबांचा गुडघा जूनच्या सुरुवातीला अंगणातल्या शेवाळावर घसरून दुखावला होता, त्यामुळे ते घरी राहणार होते. निघताना ते काठी टेकत दारापर्यंत आले. "पाणी बघितलंस?" "बाटली भरलेली आहे, बाबा." त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग, "सावकाश जा," एवढंच म्हणाले. उसगाव, होंडा, साखळी, केरी. अंजुण्याचं धरण उजळ राखाडी दिसत होतं. चोर्ल्याचा घाट चढायला लागलो तसं धुकं खाली उतरलं, कड्यावरून येणारे ओहोळ रस्त्यावर सांडत होते, पुढचा ट्रक नुसता दोन लाल दिवे होऊन गेला होता. पहिल्या गिअरमध्ये, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि काटा निघाला वर. थांबायला जागा नाही, एका बाजूला दरी, मागे बसचा हॉर्न. मला आठवलं, इंजिन तापलं की हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता गाडीत ओढली जाते आणि वळणापुरती सवड मिळते. वीस वर्षांत त्या गाडीचा हीटर कोणी लावला नसेल. गोव्यात कोण लावणार? नॉब निळ्याकडून लाल टोकाला फिरवताना कडक लागला, कर्रकन आवाज झाला. मी पंखा पूर्ण सोडला.

समोरची काच एका श्वासात पांढरी झाली. धुकं बाहेर होतंच, आता ते आत आलं. गरम, जड, आणि गोड. पाकात पडलेल्या कापडाला यावा तसा गोड, घशाला बसणारा. मी बाहीने काच पुसली तर तेलकट फराटा उमटला आणि पलीकडचं अजूनच दिसेना. खिडक्या खाली केल्या, पाऊस आत आला, आणि आईने दोन्ही पाय चटकन सीटवर घेतले, कुंचीची पिशवी छातीशी धरली.

"हाच तो," ती म्हणाली. "माझ्या पायांना येतो तो वास."

पुढच्या वळणावर थोडी सपाट जागा होती, एक भज्यांचा गाडा, निळ्या ताडपत्रीखाली. गाडी बंद केली. झाकणाला हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. त्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या बारचा दाब ते आत कोंडून धरतं, आणि तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळून अंगावर येतं. पाऊण तास थांबायचं होतं. गाड्यावरच्या माणसाने चहा दिला. आई बाकावर बसून पाय समोर धरून बघत होती. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. मी खाली बसून तिच्या टाचेवरून अंगठा फिरवला. बुळबुळीत, आणि वाळत आलं तसं चिकट. पाणी असं लागत नाही. हा साधा प्रयोग, एका अंगठ्याचा, मी म्हार्दोळला देवळाच्या दारातच करू शकले असते. "किती दिवस लागतंय गं तुला हे?" मी विचारलं. ती आठवून म्हणाली, "गेल्याच्या गेल्या चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेलो होतो ना, तेव्हापासून. आधी नुसतं दमट असायचं." गेल्याच्या गेल्या चवथीला. म्हणजे दोन वर्षं. भजी गार होत होती. ती माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "मी म्हटलं, तुम्हा दोघांना गाडीतलं कळतं."

बारशाला गेलो नाही. पाणी भरलं, हीटर बंद ठेवला, उतारावरून सावकाश घरी आलो. कुंची दोन दिवसांनी ओळखीच्या माणसाबरोबर गेली.

त्या रात्री मी जेवताना सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. जेवण झाल्यावर उठले, आतल्या खोलीत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि परत येऊन त्यांनी ती वही माझ्या ताटाशेजारी ठेवली. पेट्रोल, किलोमीटर, हवा, ऑइल, टायर, सगळं त्यांच्या गोल वळणदार अक्षरात. आणि २०२२च्या पावसाळ्यापासून पुढे, समासात, बारीक शिसपेन्सिलीने: पाणी, अर्धी बाटली. पाणी, पाऊण बाटली. मी तारखांमधलं अंतर मोजत गेले. आधी चाळीस दिवस, मग तीस, पंचवीस. २०२३च्या पावसाळ्यात अठरा. डिसेंबरात बारा. फेब्रुवारीत त्यांनी किल्ली मला दिली, पण नोंदी थांबल्या नव्हत्या. मार्च, एप्रिल, मे, दर आठ-नऊ दिवसांनी. सकाळी मी आंघोळीला गेले की ते पिवळं फडकं घेऊन गाडी पुसायला जायचे, आणि थंड रेडिएटरचं झाकण उघडून विहिरीचं पाणी काठोकाठ भरायचे. शेवटची नोंद ३ जूनची होती. त्यानंतर ते शेवाळावरून घसरले, आणि अंगणात जाणं बंद झालं. गाडी जूनमध्ये बिघडली नव्हतीच. जूनमध्ये फक्त तिला पाणी घालणारा हात थांबला होता.

"सांगितलं का नाही?" असं मी विचारलं, आणि विचारताक्षणी नको होतं असं वाटलं. ते म्हणाले, "तू विकायला काढली असतीस." मी नाही म्हणाले. पण २०२२मध्ये, तेव्हा मी खरंच नव्या गाडीचं बोलत होते, कागद घेऊन आले होते घरी. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. माणूस आपल्याबद्दल घाबरून किती दिवस गप्प राहतो, हे त्याच्या घरात राहूनही आपल्याला कळत नाही. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी मी त्या रात्री हळूच मोजली. बरोबर होती. तरी मोजली.

मेस्तांनी पंपाची रिंग आणवली होती. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून त्यांनी झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब दिला. गाडी बंद, पाऊस थांबलेला, पत्र्यावरून थेंब टपकत होते. काटा दहा मिनिटं जागेवर वाटला, मग केसाएवढा खाली आला, मग आणखी केसभर. गाडीखाली काहीच नाही. मी त्यांना आईच्या पायांचं सांगितलं. तेव्हा ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पंप तसाच ठेवून सरळ डाव्या दारात गेले. रबरी मॅट काढली, कार्पेटची कड उचकटली. खालचा फोम त्यांनी मुठीत दाबला. त्यातून पाणी निघालं, मळकट हिरवं, त्यांच्या मनगटावरून ओघळलं. "हांगा पळय," ते म्हणाले. त्यांनी ते दोन बोटांत चोळून मला दाखवलं, मग दारातल्या मांजरांना हुसकावून लावलं आणि फोम पिळलेली जागा लगेच भरपूर पाण्याने धुवायला लावली. कूलंट जनावरं चाटतात आणि मरतात. मला एकदम आठवलं, आई तो साडीचा तुकडा घरी आणून विहिरीवरच्या दगडावर धुवायची.

डॅशबोर्डच्या मागे, मधल्या भागात, तळहाताहून थोडा मोठा असा एक छोटा रेडिएटर असतो, मेस्त त्याला हीटर कॉइल म्हणतात. नॉब निळ्यावर असो की लालवर, आमच्या गाडीत इंजिनचं गरम पाणी त्यातून सतत फिरतच असतं. नॉब फक्त हवेचा पडदा हलवतो. म्हणून वीस वर्षं हीटर न लावताही ते कॉइल रोज तापत आणि थंड होत होतं, आणि त्याच्या पातळ नळीला सुईएवढं भोक पडलं होतं. कूलंटमध्ये धातू गंजू नये म्हणून द्रव्यं मिसळलेली असतात. बाबा दर खेपेला विहिरीचं पाणी ओतत गेले तशी ती पातळ होत गेली, आणि आमच्याकडचं चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी प्यायला गोड असलं तरी अॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांना मानवणारं नाही. म्हणजे गळतंय म्हणून पाणी, आणि पाण्याने आणखी गळती. वहीतलं अंतर चाळीसवरून आठावर आलं ते असं. हे बाबांना सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. सांगितलं. ते म्हणाले, "हं." आणि थोड्या वेळाने, "विहिरीचं पाणी तर चांगलं आहे."

बाटलीचंही मेस्तांनीच समजावलं. इंजिन तापलं की पाणी फुगून झाकणातल्या झडपेतून बाटलीत जातं, थंड झालं की आत पोकळी होऊन तेच पाणी परत ओढलं जातं. पण कुठेतरी भोक असलं तर पाण्याऐवजी तिथून हवा आत येते, पोकळी होतच नाही, आणि बाटली भरलेली दिसत राहते, आत रेडिएटर रिकामा होत जातो. मी दोन महिने रोज सकाळी भरलेली बाटली बघून निर्धास्त होत होते.

नवीन कॉइल घालायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, दोन दिवसांचं काम. मेस्त म्हणाले, आधी खात्री करू. इंजिनच्या बाजूने, पत्र्याच्या भिंतीपाशी, कॉइलला जाणारा आणि येणारा असे दोन पाइप असतात. ते सोडवून त्यांनी एका वाकड्या नळीने एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या, कॉइल वाटेतून बाजूला काढलं. अर्ध्या तासाचं काम. जुनं पाणी सगळं सोडून तीनदा धुतलं आणि नवं कूलंट शुद्ध पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरलं. पंप पुन्हा लावला. आम्ही दोघं बाहेर माडाखाली उभे राहिलो. अर्धा तास काटा जागचा हलला नाही.

कार्पेट आणि फोम बाहेर काढून मी गच्चीवर वाळत घातला. श्रावणातली ऊन-पावसाची पळापळ चालू होती, फोम आत-बाहेर करता करता चार दिवस गेले. धुतला तरी वास पूर्ण गेला नाही, उन्हात गाडी तापली की अजून एखादी गोड झुळूक येते, आणि मला प्रत्येक वेळी दचकायला होतं. त्या चार दिवसांत मला राहून राहून एकच गोष्ट सलत होती. पाणी जातंय हे बाबांना दोन वर्षं ठाऊक होतं, तारीखवार. ते कुठे जातंय हे आईला दोन वर्षं ठाऊक होतं, तळपायांनी. दोघं रोज एका चुलीवरचं जेवत होते, एका गाडीत शेजारी बसत होते, त्यांच्यामध्ये एक गिअर होता. गॅरेजमधल्या माणसाने माझ्याऐवजी बाबांशी बोलायचं म्हटलं तेव्हा माझे कान तापले होते. त्याच आठवड्यात आई मला सांगत होती आणि मी तिला एसीची नळी समजावून देत होते. मी तिची क्षमा मागितली, सोलं वाळत घालत होती ती तेव्हा. ती म्हणाली, "बरं झालं ना आता? मग झालं." तिने सोलांचं सूप उन्हात सरकवलं. मला ते पुरेसं वाटलं नाही, पण तिच्याकडे त्याहून जास्त नव्हतं, किंवा असेल आणि ते ती मला देणार नव्हती.

आता दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी बाबांना अंगणात नेते. शेवाळ खरवडून तिथे चुन्याचा पट्टा मारला आहे. ते एका हाताने माझा खांदा धरतात आणि दुसऱ्या हाताने झाकण स्वतःच उघडतात. आत दिसत नाही त्यांना फारसं, म्हणून बोट बुडवतात. बोट पहिल्याच पेरापर्यंत ओलं होतं. मग पायरीवर बसून वही उघडतात, मी पान दाखवते, ते तारीख घालतात, आकडा घालतात, आणि लिहितात: पाणी नाही घातले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. पहिल्या रविवारी त्यांनी पेन्सिल तशीच धरून मान वर केली आणि विचारलं, "अगं, तुझे पाय?"

तिला पदराला हात पुसायला थोडा वेळ लागला. "कोरडे आहेत," ती म्हणाली.

त्यांनी तेही लिहिलं. पाय कोरडे. समासात नाही, वर, किलोमीटरच्या ओळीत.